वासोट्याला जायचं ठरलं तेव्हा

एकाहत्तरची लढाई संपल्यावर दोन वर्षांनी आमचे आण्णा सुभेदार म्हणून रिटायर झाले आणि वाळवे तालुक्यातल्या आमच्या गावी ऊस लावायला आले. मी त्यांची एकुलती एक मुलगी. डी.एड. झाल्यावर मला आटपाडीकडच्या एका शाळेत नोकरी लागली होती. तिकडे आठवड्यातून दोनदा टँकर यायचा. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले की मी पहिले दोन दिवस नुसती पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसायची.

त्या वर्षी दिवाळीला आले तर घरात काहीतरी बदललेलं वाटलं. आण्णा बोलायला कमी झाले होते. पूर्वी पहाटे मळ्यात जाऊन यायचे, आता ऊन चढल्यावर जायचे आणि तेही ठरलेल्या बांधावरून. पारावर गप्पांना जाणं बंद झालं होतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "वय झालं त्यांचं." आण्णा तेव्हा एक्कावन्न वर्षांचे होते.

भाऊबीज झाल्यावर मी आण्णांची लोखंडी ट्रंक आवरायला काढली. कपड्यांच्या तळाशी तीन अंतर्देशीय पत्रं सापडली. तिन्हींवर हवालदार काकांचं अक्षर. काका म्हणजे आण्णांच्या पलटणीतले त्यांचे जिवलग दोस्त, साताऱ्याजवळचे. चौदा वर्षं दोघं एकत्र होते. आण्णा सुट्टीवर आले की निम्म्या गोष्टी काकांच्याच असायच्या. पत्रं फोडलेलीच नव्हती.

"आण्णा, काकांची पत्रं तशीच हाईत की वो," मी म्हणाले.

"वाचल्यात."

"चिकटवलेली कडा पण निघाली न्हाई."

"मग वाचू कवातरी. त्येच त्ये असतंय त्येच्यात. ठेव जागच्या जागी."

मला वाटलं, दोघांचं भांडण झालं असावं. फौजी माणसांचा राग, तो काही विचारून कळायचा नाही. मी पत्रं परत ठेवली, पण मनाला लागलं.

दोन दिवसांनी दुपारी काका स्वतःच दारात उभे राहिले. डोक्याला तांबडा पटका, खांद्याला फौजी पिशवी, मिशा पांढऱ्या झालेल्या. अंगणातूनच ओरडले, "सुभेदार! तीन पत्रं धाडली. जिता हाईस का मेलास बगाय आलोय."

आण्णा खाटेवर बसले होते. त्यांनी मान वर केली, आवाजाच्या दिशेनं वळले आणि त्यांच्या तोंडावर असं काही हसू आलं की भांडणाचा माझा सगळा अंदाज खोटा ठरला. ते उठून काकांच्या गळ्यात पडले. नुसते धरून उभे राहिले.

काका आले होते ते वासोट्याचं आमंत्रण घेऊन. त्यांचं मूळ गाव कोयनेच्या खोऱ्यात होतं. धरण झालं तसं ते पाण्याखाली गेलं आणि ते साताऱ्याच्या अंगाला राहायला आले. पण जंगल काही त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. राजस्थानच्या वाळूत खंदकात बसून त्यांनी आण्णांना वासोट्याच्या रानाचं इतकं वर्णन केलं होतं की आण्णांनीही ते आम्हाला पाठ करून सांगितलं होतं. भर दुपारी ऊन जमिनीला पोचत नाही. वेली मांडीएवढ्या जाड. गड चढून वर गेलं की कडा असा तुटलेला की खाली थेट कोकण. आता तिथं अभयारण्य झालंय, चौकीवर नाव लिहून परवानगी घ्यावी लागते. तेव्हा असलं काही नव्हतं. बामणोलीहून लाँच मिळाली आणि वाट दाखवणारा असला की झालं.

"तिसऱ्या पत्रात तारीख बी लिवली हुती," काका म्हणाले. "लाँचवाल्याला सांगून ठिवलंय. एका दिसाचं काम हाय. तू बी चल, वैनी, पोरगी, समदी चला."

आण्णा म्हणाले, "जायाचं. ठरलं."

मग त्या दोघांनी आखणी सुरू केली, आणि ती बघण्यासारखी होती. जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडून काकांनी त्याच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं नकाशा काढला. सातारा, कास, बामणोली. मग पाणी. पाण्यापलीकडं मेट इंदवली. तिथून रानात शिरायचं. दोन ओढे, मारुतीचं मोडकं देऊळ, मग खडी चढण, मग दरवाजा. पहिली एस.टी. साताऱ्याहून सहाला. लाँच साडेआठला. वर जायला तीन तास, उतरायला दोन. चार वाजता लाँच परत निघणार, ती चुकली तर रात्र रानात.

"वाच गं मोठ्यानं," आण्णा मला म्हणाले. मी वाचलं. "परत वाच." परत वाचलं. मग त्यांनी डोळे मिटून सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं, वेळा, ओढे, देऊळ, एकही चूक नाही. काकांनी मांडीवर थाप मारली. "ह्येला म्हंत्यात सुभेदार!"

मलाही अभिमान वाटला. फौजेतली शिस्त, दुसरं काय. आई मात्र चुलीपुढून म्हणाली, "म्हशीची धार कोन काढनार? मी न्हाई येत." आणि जरा वेळानं, माझ्याकडं न बघता, "तू जा संगं. त्यास्नी एकटं सोडू नगंस." काका बरोबर असताना आण्णा एकटे कसे, हे मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

काका त्याच संध्याकाळी परत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन बाहेरच्या सोप्यात आले तर आण्णा नकाशा मांडीवर पसरून बसले होते. बोट एका ठिकाणी टेकवलेलं. माझी चाहूल लागताच म्हणाले, "ह्यो दुसरा वढा लय वाकडा दिसतूय. हितं जपून जायाला पायजे."

मी वाकून पाहिलं. कागद उलटा होता. त्यांच्यापुढं कॅलेंडरची बाजू होती, तारखांचे चौकोन. त्यांचं बोट एका गुरुवारवर होतं.

दूध माझ्या हातात तसंच राहिलं. पत्रं का फोडली नव्हती, पारावर का जात नव्हते, ठरलेल्या बांधावरूनच का चालायचे, सगळं एका क्षणात कळलं. आणि मी काय केलं? म्हणाले, "व्हय आण्णा, जपून जाऊ." दूध त्यांच्या हातात दिलं आणि गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. रडू येत नव्हतं. 

माझे आजोबा, आण्णांचे वडील, पन्नाशीतच आंधळे झाले होते. मला ते आठवतात ते तसेच. खाटेपासून गोठ्यापर्यंत एक दोर बांधलेला असायचा आणि तो धरून ते वैरण टाकायला जायचे. पंधरा वर्षं तो दोर होता. आजोबा गेल्यावर आण्णांनी सुट्टीवर येऊन स्वतः तो सोडला होता.

संध्याकाळी मी धीर करून म्हणाले, "आण्णा, फुडच्या वर्षी जाऊया का वासोट्याला? औंदा माझी सुट्टी कमी हाय."

ते एकदम भडकले. "फुडच्या वर्षी काय दिसनार हाय मला?" आणि तिथंच अडखळले. "म्हंजे, फुडचं वरीस बगितलंय कुनी? जायाचं म्हंजे जायाचं."

 ज्या माणसाला जंगल शेवटचं बघायचं आहे त्याला नको कसं म्हणायचं? आणि न्यायचं तरी कसं? पुढच्या सहा दिवसांत मी कॅनव्हासचे बूट आणले, त्यांच्यासाठी काठी तासून घेतली, आयोडीन, पट्टी, दोरी पिशवीत घातली. काठी बघून ते म्हणाले, "म्हातारा झालो व्हय मी?" मी म्हणाले, "सापासाठी." घेतली त्यांनी.

आदल्या दिवशी आम्ही कराडवरून साताऱ्याला गेलो आणि काकांच्या घरी उतरलो. पहाटे एस.टी. धरली. कासच्या पठारावर गवत पिवळं पडलं होतं आणि वारा असा की खिडकीच्या काचा खडखडत होत्या. काका खिडकीतून दाखवत होते, हे बघ, ते बघ. आण्णा प्रत्येक वेळी मान हलवून "वा!" म्हणत होते. मी त्यांच्या शेजारी बसून ते "वा!" ऐकत होते.

बामणोलीला पाणी काठोकाठ होतं. लाँच निघाली. मध्यावर आल्यावर काकांनी कठड्यावरून हात खाली केला. "हितं खाली आमचं गाव. देवळाचा कळस चांगला दोन वर्सं दिसत हुता." आण्णांनी टोपी काढली आणि पाण्याकडं तोंड करून उभे राहिले. त्या वेळी तरी त्यांना आमच्याहून काही कमी दिसत होतं असं मला वाटलं नाही.

मेट इंदवलीला उतरवताना लाँचवाला म्हणाला, "चारला सोडनार. मला बामनोलीची मानसं परत न्यायाची हाईत. थांबनार न्हाई, आदीच सांगतो."

रानात शिरल्यावर काका पुढं, मधे आण्णा, मागं मी. उजेडातून एकदम सावलीत गेल्यावर मलाच काही सुचेना, तर आण्णांचं काय झालं असेल! पण ते चालत होते. काकांच्या बुटांना नाल होते, दगडावर खट खट वाजायचे आणि पाचोळ्यात खरडायचे. आण्णा त्या आवाजाच्या बरोबर चार पावलं मागं. पाय उचलून टाकायचे, काठीनं आधी चाचपायचे. मी मागून "दगड हाय," "फांदी हाय," असं स्वतःशी बोलल्यासारखं म्हणत होते. दोन्ही ओढे ओलांडले. देवळाशी थांबून भाकरी खाल्ली. साडेबारापर्यंत गडावर पोचलो. कड्यापाशी काकांनी आण्णांचा दंड धरला होता, मी दुसऱ्या बाजूचा. कोकणातून वारा वर येत होता. आण्णा बराच वेळ त्या वाऱ्यात उभे राहिले. म्हणाले, "लय मोटं हाय रं गड्या." मला वाटलं, सुटलो. आता नुसतं उतरायचं.

उतरताना वरच्या ओढ्याशी माझ्या बुटात खडा गेला म्हणून मी खाली बसले. काका पाणी प्यायला ओढ्यात उतरले, वाटेपासून दहा पावलांवर. माझी नजर बुटात. नाडी बांधून मान वर केली तर वाटेवर कोणी नाही.

"काका, आण्णा कुटं?"

काका ओंजळ सोडून उभे राहिले. "तुज्याजवळच हुता की!"

आम्ही दोघांनी हाका मारल्या. रान असं दाट की हाक दोन झाडांपलीकडं जात नाही असं वाटत होतं. वाट खाली जात होती तिकडं मी पळत गेले, परत आले. काका ओढ्याच्या दोन्ही अंगांना जाऊन आले. घड्याळात अडीच वाजून गेले होते.  मग मी ते बोलले.

"काका, आण्णांना दिसत न्हाई."

काकांनी माझ्याकडं बघितलं. "आजिबात?"

"उजेड दिसतो वाटतं. मानूस दिसत न्हाई. मला पन आठ दिसांपूर्वी कळलं."

त्यांनी पटका सारखा केला, ताठ उभे राहिले आणि छातीतून पहाऱ्यावरच्या शिपायाची ललकारी अशी काढली की झाडावरची वानरं पळाली.

"थम! कौन आता है?"

क्षणभर काही नाही. मग डाव्या अंगाला, खालून, बारीक पण अगदी स्पष्ट आवाज आला.

"दोस्त!"

आम्ही करवंदीच्या जाळ्यातून तसेच घुसलो. माझी साडी फाटली, हात ओरबाडले. पन्नास-साठ पावलांवर आण्णा एका झाडाच्या बुंध्याला हात लावून सावधानमध्ये उभे होते. त्यांच्या पायापासून चार हातांवर घळ होती, दीड पुरुष खोल, तळाला नुसते दगड. आणि घळीच्या पलीकडच्या काठावर एक गवा उभा होता. काळाभोर, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा. त्यानं आमच्याकडं बघितलं, फुस्स करून श्वास सोडला आणि पाचोळा तुडवत रानात निघून गेला.

"हुबा ऱ्हायलास कवा रं तू?" आण्णा रागानं म्हणाले. "तुज्याच मागनं आलो मी. मग एकदम फुडं पाचोळा वाजायचा बंद झाला, काठी टेकाय गेलो तर जिमीनच न्हाई. म्हनून थांबलो."

"माज्या मागनं न्हाई आलास," काका म्हणाले. "गव्याच्या मागनं आलास, मर्दा."

 आण्णांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. काकाही हसायला लागले, आणि मी तिथंच पाचोळ्यात फतकल मारून बसले आणि मला जे रडू आठ दिवस आलं नव्हतं ते आलं.

आण्णा माझ्या आवाजाच्या रोखानं आले आणि शेजारी बसले. डोक्यावर हात ठेवला. "दिसत न्हाई गं," म्हणाले. "दोन वर्सं झाली. आदी धुकं आल्यागत व्हायचं. मग दिव्याभवती कडी दिसाय लागली. आता तुजं तोंड बी न्हाई दिसत."

"मग बोलायचं न्हाई व्हय?"

"तुजं लगीन हू दे, मग बोलनार हुतो. बाप आंदळा, आज्जा आंदळा म्हटल्यावर कोन करनार हाय तुला? पोरीचं बी डोळं जात्याल म्हनत्याल."

काका समोर उकिडवे बसले होते. त्यांनी आण्णांची हनुवटी धरली आणि तोंड वर, झाडांतून उजेड येत होता तिकडं केलं. डोळ्यांत निरखून बघितलं.

"सुभेदार, तुज्या बुबुळात पांडरं हाय. पार ताकागत."

"असंल."

"आरं, माज्या बायकोचं बी असंच हुतं! मोतीबिंदू. मिरजंला जाऊन काढून आनला. आता सुईत दोरा ववती. तुज्या बाचं डोळं असं पांडरं हुतं?"

आण्णांनी आठवून बघितलं. "न्हाई," ते हळूच म्हणाले. "त्येचं डोळं काळंभोर हुतं. बगनाऱ्याला वाटायचं, समदं दिसतंय."

"मग त्यो रोग येगळा. ह्यो येगळा. दोन वर्सं डाक्तर दावला न्हाईस?"

"डाक्तर काय सांगनार ह्ये मला म्हाईत हुतं."

"कप्पाळ म्हाईत हुतं तुला!"

मी काकांकडं बघत होते. त्यांचं खरं असेल का, हे मला माहीत नव्हतं. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझा श्वास पोटापर्यंत गेला.

उतरताना आण्णांनी लपवणं सोडलं होतं. त्यांचा एक हात काकांच्या खांद्यावर, आणि काका मोठ्यानं सांगत होते, "उजवीकडं मूळ. आता दोन पायऱ्यांएवडं खाली. वाक, फांदी." आम्ही सकाळपेक्षा भरभर उतरलो. तरी काठावर पोचायला चार वाजून वीस मिनिटं झाली. लाँच तिथंच होती. लाँचवाल्यानं आम्हाला इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका, आणि शिव्या घालता घालता आण्णांना हात देऊन वर घेतलं.

घरी गेल्यावर मी आईला सोप्यात बसवून सगळं सांगायला सुरुवात केली. तिनं मला अर्ध्यातच थांबवलं. "मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "ताटात मीठ उजवीकडं, चटनी त्येच्या शेजारी, दीड वर्स मी रोज एकाच जागी वाढत्ये. हंडा कधी जागचा हलवला न्हाई. त्यास्नी कळू द्यायचं न्हवतं, म्हनून मी कळू दिलं न्हाई."

आण्णा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. आत येऊन आईशेजारी बसले, माझ्यादेखत. असे ते कधी बसत नसत.

आठवड्याच्या आत आम्ही मिरजेला गेलो. डॉक्टरांनी बॅटरी मारून दोन्ही डोळे बघितले, आजोबांचं सगळं विचारून घेतलं, पुन्हा बघितलं. आम्ही तिघंही खुर्चीच्या कडेवर. "मोतीबिंदूच आहे," ते म्हणाले. "पूर्ण पिकलाय. मागची नस चांगली आहे. आधी का नाही आलात?" आईनं पदर तोंडाला लावला. आण्णांनी उभं राहून डॉक्टरांना कडक सॅल्यूट ठोकला, जरा बाजूच्या कपाटाकडं तोंड करून.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सात दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही. फौजी माणूस, पडून राहिले. पट्टी काढली तेव्हा समोर आई होती. त्यांनी तिला बराच वेळ पाहिलं, चष्मा मिळायचा होता तरी, आणि म्हणाले, "केस पिकलं की गं तुजं." आई म्हणाली, "मग काय हिरवं ऱ्हानार हुतं?" आणि नर्सदेखत हसली.

माझ्यासाठी चालून आलेल्या स्थळाकडं आण्णा पुढं स्वतःच गेले, जाड भिंगांचा चष्मा लावून, आणि सगळं उघड सांगून आले. त्या घरी मुलाचे वडील आणि चुलता, दोघांचेही तसलेच चष्मे होते. तिघं म्हणे तासभर मिरजेच्या डॉक्टरांबद्दलच बोलत बसले.

पण हे नंतरचं. पट्टी निघाली त्याच दिवशी माझी वाढवून घेतलेली रजा संपत होती. मी सांगलीहून विट्याची एस.टी. धरली, तिथं गाडी बदलली. विटा मागं पडल्यावर ऊस संपला, माळ सुरू झाला. त्या वाटेवर मी नेहमी उदास होऊन बाहेर बघत बसायची. त्या दिवशी खिडकीला डोकं टेकलं तेवढं आठवतंय. पुढचं काहीच आठवत नाही, कारण कंडक्टरनं सीटच्या दांडीवर पंच वाजवून मला उठवलं.

"बाई, आटपाडी आली. उतरा आता, गाडी रिकामी झाली."